न उघडलेले झाकण

"इंजिन पूर्ण उघडून तपासले. टायमिंगची साखळी सैल झाल्याने ठिणगीची वेळ टिकत नाही. वाहन दुरुस्तीपलीकडे असून भंगारात काढण्यास योग्य." खाली सही, गोल शिक्का आणि हुद्दा: अनंतराव, सेवानिवृत्त मोटार निदेशक.

या तीन वाक्यांवर विसंबून मी घरासमोरच्या शेडमध्ये उभी असलेली वडिलांची १९६८ सालची फियाट भंगारवाल्याला देऊ केली होती. सोमवारी त्याचा टेम्पो सेलूत आमच्या दारी यायचा होता. अनंतराव माझा पंचेचाळीस वर्षांचा मित्र, शेजारच्याच गल्लीतला, मोटारदुरुस्ती शिकवून निवृत्त झालेला. हस्तलिखितांतले प्रक्षिप्त, मागाहून घुसडलेले श्लोक हुडकण्यात माझी हयात गेली, पण मित्राचा मजकूर मात्र मी मूळ प्रतीशी ताडून पाहिला नव्हता.

शनिवारी सकाळी बॉनेट उघडून तो ताडून पाहिला. साखळीवरच्या झाकणाच्या बोल्टांवर वडिलांनी लावलेला निळा रंग होता. त्याला कुठेही तडा नव्हता. "पूर्ण उघडून" तिथेच निकालात निघाले. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर मात्र आपल्या जुन्या तेलकट वर्तुळातून बोटभर फिरलेला, आणि त्याच्या बोल्टाच्या गंजावर पान्याचे ताजे ओरखडे. पोथीच्या भाषेत, हा हात उत्तरकालीन, मागाहूनचा होता.

वडिलांना करताना पाहिले होते तसे मी प्लग काढले, गाडी चौथ्या गियरमध्ये टाकली. अनसूया, माझी पत्नी, मागून ढकलू लागली.

"अहो, थांबू का?"

"अजून थोडं."

"चाळीस वर्षं हेच ऐकायलेय मी."

पहिल्या प्लगच्या भोकावरचे माझे बोट हवेने उचलले. पुलीवरची खूण झाकणावरच्या खुणेशी जुळताच मी ओरडलो, "बस्स!" डिस्ट्रिब्युटरमधल्या, ठिणगीचा क्षण ठरवणाऱ्या पॉइंटला छोटा दिवा जोडून तो हळूहळू फिरवला आणि दिवा लागला त्या क्षणी बोल्ट आवळला. मग अनसूयेकडून गाडी आणखी तीनदा ढकलून घेतली. तिन्ही वेळा दिवा त्याच खुणेवर लागला. सैल साखळीला इतकी सचोटी जमत नाही.

प्लग बसवल्यावर दुसऱ्या सेल्फला इंजिन सुरू झाले. मी अनंतरावला बोलावले. तो फाटकातच थबकला.

"प्रोफेसर, मेकॅनिक कुठला आणला?"

"घरचाच हाये," अनसूया म्हणाली. "भावजी, चहा घेता, का नुसती सही करून जाता?"

तो हसला, आम्ही हसलो नाही. मी प्रमाणपत्र त्याच्या हाती दिले आणि निळा रंग दाखवला. त्याचे निवेदन एक अक्षरही न बदलता देतो:

"झाकण मी उघडलंच न्हाई. डिस्ट्रिब्युटर फिरवला आन् सही ठोकली. तू बॉनेटला हात लावशील असं वाटलं न्हाई. गाडी गेली की ही शेड रिकामी व्हणार, तिथं जावयाला गॅरेज टाकून द्यायचं व्हतं. मागितली असती तर तू दिलीच असतीस, ते बी ठाऊक व्हतं. पण मग जल्मभर तुझ्या उपकारात राहावं लागलं असतं."