ठोक्यामागची शिट्टी

मी आवाज कापणारं, जोडणारं, स्वच्छ करणारं एक सॉफ्टवेअर बोलतोय. राहतो सुरतेत, उधन्याच्या एका गल्लीत, नूतनच्या लॅपटॉपवर.

मला कुणा एकानं घडवलेलं नाही. गावोगावच्या हौशी माणसांनी सवडीनं थोडं थोडं लिहून मला मोठं केलं, आणि कुणालाही फुकट वापरता यावं, हवं तसं बदलता यावं म्हणून मोकळं सोडून दिलं. इतक्या हातांतून गेल्यामुळे असेल, पण मला चौकशीची खोड लागली. नवा आवाज उघडला, की हा कुठला, कशातून निघाला, हेच डोक्यात.

नूतन दिवसा रिंग रोडवरच्या एका साडीच्या दुकानाची वेबसाइट सांभाळते. माझ्याकडे ती आली आईसाठी. तिची आई सरलाबाई खानदेशातल्या कानबाई देवीची अहिराणी गाणी म्हणते. ती रेकॉर्ड करून धुळ्याला मावश्यांना पाठवायची होती. पण घरात रेकॉर्ड केलं, तर शेजारच्या गल्लीतले कापड विणणारे माग गाण्यात शिरले. खटक-खटक, खटक-खटक. देवीचं नावसुद्धा त्याखाली गेलं.

असा खडखडाट काढणारं एक प्लग-इन नूतनला इंटरनेटवर सापडलं. प्लग-इन म्हणजे बाहेरून आणून जोडायचं छोटं अवजार. पण असं बाहेरचं काही आत घ्यायची सोयच माझ्यात नव्हती.

"मग आपणच करू," असं ती स्वतःशी पुटपुटली आणि माझ्या आत शिरली.

पुढचे चार महिने तिचे रविवार माझ्यातच गेले. पहिलं प्लग-इन आत आलं, अडखळलं, आणि त्याच्याबरोबर मीही बंद पडलो. सरलाबाईंचं अख्खं गाणं गेलं.

"परत म्हनू का?" त्यांनी विचारलं.

"म्हन, माय," नूतन खाली मान घालून म्हणाली.

ते दुसरं गाणंही मी घालवलं. मग नूतननं प्रत्येक प्लग-इनला वेगळी खोली करून दिली. कुणी कोसळलं तर आपल्या खोलीत कोसळेल, मला ओढणार नाही. सरलाबाईंनी तिसऱ्यांदा गाणं म्हटलं आणि ते टिकलं.

आता अडचण निराळी होती. त्या प्लग-इनला पंखे कळायचे, गाड्या कळायच्या, माग कळत नव्हते. त्याला माग ओळखायला शिकवायचं, तर मागाचा निव्वळ आवाज हवा होता. तो घरातच मिळण्यासारखा होता. नूतनचे वडील राघो मास्तर अठ्ठावीस वर्षं भूपेंद्रभाईंच्या कारखान्यात माग दुरुस्त करत होते. दारात उभं राहून, चाळीस मागांतला आजारी माग कोणता, हे ते नुसत्या कानानं सांगायचे. त्यांनी मोबाइलवर शेडमधला आवाज रेकॉर्ड करून आणला.

रविवारी दुपारी नूतननं त्यांच्या कानाला हेडफोन लावले.

"अण्णा, हा पूर्ण आवाज. आणि ह्यातून बारीक आवाज काढून टाकला आहे. फरक सांगा."

मास्तरांनी दोन्ही ऐकले. "दोन्ही एकच शेतस."

मीच काहीतरी चुकलो असेन, असं नूतनला वाटलं. मलाही तसंच वाटलं. पण पडद्यावर एकात बारीक आवाजाची वरची पट्टी होती, दुसऱ्यात नव्हती. तिनं फक्त ती पट्टी वाजवली. मास्तर हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले.

"लाव ना."

"चालूच शे, अण्णा."

मास्तरांनी हेडफोन काढले आणि त्यांची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. "भूपेंद्रभाईले सांगू नको," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

मागाचं बेअरिंग सुकलं, की बारीक शिट्टी देतं. त्याआधीच्या सहा महिन्यांत शेडमधली दोन बेअरिंगं जळली होती, आणि आपल्याला कळलं कसं नाही, म्हणून मास्तर घरी जेवताना स्वतःवरच चिडायचे. ते का कळलं नव्हतं, हे आता तिघांनाही माहीत होतं. तिसरा मी.

नूतननं खडखडाट काढायचं काम बाजूला ठेवलं आणि स्वतःचं प्लग-इन लिहायला घेतलं. अण्णांच्या कानात जेवढं शिल्लक आहे, तिथपर्यंत ती शिट्टी खाली आणायची. मी तोवर आवाज वजा करायला शिकलेला. न ऐकू येणारा आवाज ऐकवायचा कसा, याचं मला नवलच होतं.

मास्तर दोन आठवडे लॅपटॉपजवळ फिरकले नाहीत. मग एक दिवस स्वतःच येऊन म्हणाले, "काय करी ऱ्हायनी तू?" नूतननं ऐकवलं. तिनं सगळा आवाजच खाली उतरवला होता.

"ही म्हैस पाण्यात बसनी," मास्तर म्हणाले. नूतनला हसू आलं. पण ते उठले नाहीत. टेबलावर बोटानं ताल धरून म्हणाले, "ठोका हलाडू नको. ठोका माले ऐकू येस. त्याना मांगे जे शे, तेवढंच खाले आन."

माझ्यात इतकी बटणं आहेत, पण काय हवंय हे इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. नूतननं तसंच केलं.

मग चाळीसही मागांचा मिनिट-मिनिट आवाज आणला गेला. तेविसाव्याला मास्तरांनी हात वर केला. "थांब. परत." तीनदा ऐकलं. "हाऊ सुकना."

चालता माग थांबवायचा, तर मालकाला कारण सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी मास्तर नूतनला आणि मला घेऊनच भूपेंद्रभाईंच्या केबिनमध्ये गेले.

"शेठ, माझे कान गेले आहेत. तेवीस नंबर सुकलाय, हे मला हिनं ऐकवलं."

भूपेंद्रभाई म्हणाले, "राघोभाई, पहेलां केम नी कीधुं?"

"आधी सांगितलं असतं, तर काढून टाकाल असं वाटलं."

भूपेंद्रभाईंनी तेवीस नंबरचा माग थांबवला. बेअरिंग उघडलं, तर आत ग्रीस नव्हतं आणि गोळ्या तापून निळ्या पडलेल्या.

मास्तरांची नोकरी राहिली, पण शेडमधली फेरी प्रशांत नावाच्या तरुण मास्तरकडे गेली. ते त्यांना फार लागलं. आता केबिनमधल्या कॉम्प्युटरवरही मी आहे. सकाळी तिथे बसून ते सगळ्या मागांचे आवाज माझ्याकडून ऐकतात आणि प्रशांतला नंबर सांगतात. एक गोष्ट त्यांनी मागून घेतली, कामगारांना कानात घालायचे बोळे. खोकं आलं. निम्मे लोक ते घालतात, निम्मे खिशात ठेवतात. मास्तर खिशातले काढायला लावतात.

नूतनचं प्लग-इन आता माझ्याबरोबर कुणालाही मिळतं. त्यात एक खोट आहे. माणसाचं बोलणं ऐकवलं, तर 'स' खाली उतरून 'श' होतो. मध्यंतरी सरलाबाईंनी माइकसमोर स्वतःचं नाव घेतलं आणि नवऱ्याला विचारलं, "मन्हं नाव ऐकू येस का?"

"शरला," मास्तर म्हणाले.

सरलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. नूतन घाईनं म्हणाली, "मी दुरुस्त करते." मास्तरांनी हेडफोन हातानं कानावर दाबून धरले. "इतली वर्सं नुसतं 'रला' ऐकू ये," ते म्हणाले. "परत म्हन."

नूतन अजून त्या 'स'वर खपते आहे आणि तिला जमत नाहीये. वाचणाऱ्यांपैकी कुणाला यातलं कळत असेल, तर माझी विनंती आहे, एखादा रविवार मला द्या. तोवर मी 'श'च ऐकवतो. मास्तर रोज सकाळी केबिनला निघण्याआधी तेवढं 'शरला' ऐकून जातात.