फोटो काढून आणतो म्हणे!

घळईच्या काठावर एक बाक होता. सरांनी काकूंना त्या बाकावर नेऊन बसवलं, सामान ठेवावं तसं. "तू इथंच थांब. खाली उतार फार आहे, तुला झेपायचं नाही. मी फोटो काढून आणतो," असं म्हणून सर आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन चालू पडलेसुद्धा.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो! लग्न झाल्यापासून फोटोच तर बघत आल्या होत्या बिचाऱ्या. सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. दर हिवाळ्यात मुलांना या घळईत आणायचे आणि पिशवीभर दगड घेऊन घरी यायचे. ते दगड पुसायचे कोणी? काकूंनी, शिवणाच्या मशीनवरून उठून. तेव्हापासून नदीनं खडकात कोरलेले ते रांजणखळगे एकदा हात लावून बघायचे, एवढंच त्यांच्या मनात होतं. आता पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर असले चढउतार कायमचे बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

आणि झेपत नाही म्हणे! सरांची चालण्याची तऱ्हा तरी बघा. आपण तरातरा पुढं जायचं, झाडाखाली मस्त टेकायचं, आणि काकू धापा टाकत पोचल्या रे पोचल्या की उठून म्हणायचं, "चला!" म्हणजे विश्रांती कुणाला, तर जो दमलाच नाही त्याला. गाडीपासून बाकापर्यंत आजही तेच झालं होतं.

"बसायला अडलंय माझं खेटर!" काकू मोठ्यानं म्हणाल्या आणि उठल्या.

एक काठी शोधली, पदर खोचला आणि उतरायला लागल्या. आडवं पाऊल टाकत, वाटेल तिथं टेकत. कुणी "चला" म्हणायला नव्हतं. शेजारचा कडा बघायला निवांत वेळ मिळाला: काळा थर, मग तांबूस, मध्येच पांढरी रेघ. गुडघे ठणकत होते, ठणकू देत.

खाली नदीकाठच्या खडकात खळगेच खळगे होते. काकूंनी एकात कोपरापर्यंत हात घातला. आतून उखळासारखा गुळगुळीत, तळाशी गोल गोटे. हेच गोटे भोवऱ्यात गरगरत राहिले आणि त्यांनी एवढा खडक पोखरला. काकूंना इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

तेवढ्यात खडकापलीकडून आवाज आला. कुणीतरी विचारत होतं, "काकू नाही आल्या?"

"अरे, तिला कुठली दगडधोंड्यांची आवड!" सर हसत होते. "मीच आपलं बळेबळे आणलं."

काकू काठी टेकत उभ्या राहिल्या. "कुणी कुणाला बळेबळे आणलं?"

सगळे गर्रकन वळले. सर तर पांढरेफटक. "अगं, तू? पडली असतीस म्हणजे? आणि एवढी आवड होती तर कधी बोलली का नाहीस?"

"बोलत होते की! दरवर्षी बोलत होते. तुम्ही ऐकू येईल इतके जवळ कधी होतात?"

विद्यार्थी उगाच नदीकडं बघत राहिले. शेवटी सरांनी हात पुढं केला. "चल, सावकाश वर नेतो तुला."

"मी इतक्यात हलणार नाही," काकू म्हणाल्या आणि पुढच्या खळग्याशी जाऊन बसल्या. "तुम्हाला घाई असेल तर व्हा पुढं."

सर तिथंच उभे राहिले. कुठं जावं ते त्यांना कळेना.