मामाने काढलेला टॅक्स नंबर

"नंबर मिळाला ना, लोरेन? मग बोंबलतेस कशाला?"

हे आमचे व्हर्लन मामा. आईचा एकुलता एक भाऊ. देवाने तेवढी तरी दया केली.

आईला, म्हणजे लोरेनला, जिल्ह्याच्या जत्रेत तळलेल्या कॅटफिश माशांची गाडी लावायचीय. जत्रेच्या कमिटीला धंद्याचा सरकारी टॅक्स नंबर पाहिजे, आज पाचच्या आत. नाही दिला, तर आईची जागा डार्ला प्रुइटला. ती मक्याच्या पिठात बुडवून सॉसेज तळते, पण मिजास अशी, की जणू हिरेच तळतेय.

नंबर सरकारच्या साइटवर फुकट मिळतो. मी म्हटलं, मी काढतो. मामा म्हणाला, "शाळा सोडलेल्यांनी सरकारशी बोलू नये." बरं. आई पीठ कालवत होती. हा तिचा फोन घेऊन बसला, तिला विचारून विचारून सगळं भरलं आणि एवढंच विचारलं नाही की धंद्याचं नाव काय. तिथे टाकलं 'व्हर्लन्स कॅटफिश एम्पायर'. मालकीण आई, साम्राज्य ह्याचं.

"अरे, गाडीवर 'लोरेन्स किचन' रंगवून झालंय!"

"मग दुसरा काढ. फुकट तर आहे."

मी बसलो काढायला. साइट म्हणाली, एका माणसाला दिवसाला एकच नंबर, उद्या या. सरकारलाही कुणीतरी मामा असणार, उगाच नाही असा नियम केला.

"नाव बदलून मिळतं की," मामा म्हणाला.

"मिळतं," मी म्हटलं. "पत्र लिहून. उत्तर येईपर्यंत जत्रा उठलेली असेल."

आईने कमिटीच्या बाईंना फोन लावला. त्या एकदम मधाळ. "हे बघ राणी, नंबर ज्या नावाचा, तेच नाव गाडीवर पाहिजे. नसेल जमत तर सांग, डार्ला इथंच बसलीय."

आईने फोन ठेवला, हात पुसले. "डार्लापेक्षा तुझं नाव परवडलं."

मामाचा चेहरा असा, की आता राज्याभिषेकच.

"पण मासे साफ करायला महाराज स्वतः उभे राहणार. जत्रा संपेपर्यंत."

"अगं, माझी कंबर..."

"साम्राज्य कुणाचं?"

मी खो खो हसलो. चूक झाली. आईने ब्रश माझ्याच हातात दिला. "दात काय काढतोस? माझं नाव पूस आणि ह्याचं काढ."

अर्धंच लिहून झालंय, 'एम्पायर' मावतच नाहीये, आणि मामा खुर्ची टाकून अक्षरं मोठी काढ म्हणून सांगतोय. आईने गाडीचं इंजिन चालू केलंय, पाचच्या आत जत्रेत पोचायचंय. उरलेलं तिथेच रंगवणार. चला, मला आता निघायला पाहिजे.