काढ्याचा गुण

मिस्त्रींचं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं, आणि म्हातारपण वाट्याला आलं ते लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. यावर ते स्वतःच विनोद करायचे. पण हल्ली ऐकायला कोणी नव्हतं, आणि आपलाच विनोद आपल्यालाच माणूस किती वेळा सांगणार? बायको जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती एक लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून सव्वा तासावर राहायची. शाळेत विज्ञान शिकवायची. शेजारचं बिऱ्हाड सकाळी सातला दाराला कुलूप लावायचं ते संध्याकाळी सातला काढायचं. मधले बारा तास मिस्त्री खिडकीत बसून समोरच्या औषधाच्या दुकानात कोण येतं, कोण जातं ते बघायचे.

रविवार मात्र वेगळा. रविवारी अकराला लेक यायची. मिस्त्रींना रक्तदाब होता आणि रोज सकाळी एक गोळी घ्यायची असायची. लेकीनं सात खणांची एक प्लास्टिकची डबी आणून दिली होती, सोमवार ते रविवार. ती डबी भरायला ती यायची. खांद्यावरची पर्स न काढता गोळ्या भरायची आणि भरता भरता तीन प्रश्न विचारायची. झोप लागते का? पोट साफ होतं का? चक्कर येत नाही ना? मिस्त्री तिन्हीची उत्तरं द्यायचे आणि चौथ्या प्रश्नाची वाट बघायचे. तो कधी यायचा नाही. दहाव्या मिनिटाला लेक जिन्यात.

तिचा तरी काय दोष? घरी सासूबाईंचे गुडघे, मुलाची दहावी, आणि पेपरांचे गठ्ठे. ती येत होती हेच खूप होतं, असं मिस्त्री स्वतःला समजवायचे. समजूत पटायची मात्र नाही.

मग एका आठवड्यात मिस्त्रींना सर्दी झाली, आणि त्या गडबडीत दोन दिवस गोळी घ्यायची राहिली. खरोखरच राहिली. रविवारी लेकीनं डबी उघडली, मंगळवार आणि बुधवारचे खण भरलेले बघितले, आणि पर्स खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली.

"बाबा, हे काय आहे?"

"राहिली असेल."

"राहिली असेल? तुम्हाला यंत्रं कळतात ना? पाइपात दाब वाढला की काय होतं, सांगा बघू मला."

पुढचा तासभर ती बोलत होती. टेबलावर बोटानं रक्तवाहिन्या काढून दाखवल्या. आईची आठवण काढली, डोळे पुसले, स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि दोघांनी दोन-दोन कप घेतले. निघाली तेव्हा दीड वाजला होता. इतका खरपूस ओरडा खाऊन मिस्त्री संध्याकाळपर्यंत एकटेच हसत होते. माणसाला कशाचं सुख होईल ते काही सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी डबीत तीन गोळ्या शिल्लक होत्या. त्या विसरलेल्या नव्हत्या.

पण रोज रोज विसरलो म्हणून कसं चालेल? लेक हुशार, चार प्रश्नांत पकडलं असतं. मिस्त्रींनी कारण शोधून ठेवलं होतं.

"मला नको त्या गोळ्या. मी तुझ्या आईचा काढा सुरू केलाय."

मेथी, लसूण, आलं आणि चार मिरे घालून उकळलेला तो काढा बायको हयात असताना घरात कशावरही दिला जायचा. डोकं दुखलं, काढा. झोप नाही, काढा. आणि त्या काढ्याची सगळ्यात जास्त टिंगल कोणी केली असेल तर ती मिस्त्रींनीच. "आजार का पळतो माहितेय? आजारालाही चव कळते," असं ते पाहुण्यांसमोर म्हणायचे आणि बायको पदराआड हसायची. आता तेच मिस्त्री मेथीची बाजू घेऊन बोलायला लागले. जडीबुटी, झाडपाला, जुनी माणसं शंभर वर्षं जगायची, सगळं काढलं.

"जुनी माणसं चाळिशीत जायची, बाबा. शंभर वर्षं जगलेल्या एकाचीच गोष्ट सांगतात."

"तुझ्या आईचा विश्वास होता."

"आईचा तुमच्यावरही होता."

लेक अशी तोंडाला तोंड द्यायला लागली की मिस्त्रींना कोण आनंद! दर रविवारी ही जुगलबंदी. दीडचे दोन झाले, दोनचे अडीच. एकदा तर ती भांडता भांडता जेवायलाच बसली.

आता कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला जिवाची पर्वा नव्हती. तर तसं मुळीच नव्हतं. चाळीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांचे जीव दोराला टांगले, आणि तो दोर रोज तपासला, तो आपला जीव मेथीच्या दाण्यांवर कशाला सोडेल? डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्याकडे होतीच. ती घेऊन ते समोरच्या दुकानातून त्याच गोळ्या स्वतः आणायचे आणि रोज आठच्या ठोक्याला त्यातली एक घ्यायचे. पट्ट्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली. लेकीची डबी तशीच भरलेली, आणि मिस्त्रींचा रक्तदाब तसाच ताब्यात.

काढा मात्र ते रविवारी सकाळी खरंच उकळायचे, पुरावा म्हणून. पहिल्यांदा नाक मुरडलं. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी त्यांच्या लक्षात आलं की काढा उकळला की घराला घरात कोणीतरी असल्याचा वास येतो. मग ते बुधवारीही उकळायला लागले. पीत नव्हते, नुसता उकळायचे आणि झाकण काढून ठेवायचे.

भांडणानं ऐकत नाहीत म्हटल्यावर लेकीनं शास्त्राची कास धरली. रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं आणि एक चौकटींची वही. "आता तुम्हीच बघा. आकडे खोटं बोलत नाहीत." दर रविवारी ती दंडाला पट्टा गुंडाळायची, आकडा वहीत टिपायची आणि पेन्सिलीनं आलेख काढायची. तिला वाटलं होतं रेघ चढत जाईल. रेघ चढेना. सहा आठवडे झाले तरी रेघ आपली सपाट, एकशे तीसच्या आसपास. लेक वहीकडे बघायची आणि मिस्त्री छताकडे.

सातव्या रविवारी ती आली ती पर्स काढूनच बसली. मिस्त्रींना बरं वाटलं.

"बाबा, मी हरले," ती म्हणाली. "मी मुलांना शिकवते ना, पुरावा समोर असेल तर आपलं मत बदलायचं. सहा आठवडे गोळी नाही, आणि दाब उत्तम. काढ्याचा गुण आहे हा. आईचं बरोबर होतं."

"असं एकदम कसं म्हणतेस? डॉक्टरांना विचार," मिस्त्री घाईनं म्हणाले.

"पुढच्या तपासणीला वहीच दाखवणार आहे त्यांना. मला इतकं हलकं वाटतंय म्हणून सांगू! दर शनिवारी रात्री मला झोप लागायची नाही, उद्या डबीत काय दिसतंय या विचारानं." तिनं डबी, वही आणि यंत्र उचलून पर्समध्ये टाकलं, काढ्याचं प्रमाण लिहून घेतलं, आणि वडिलांच्या पाठीवरून हात फिरवला. "आता मला तुमची काळजी नाही."

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे गरज सरली आणि वैद्यबाई यायच्याच थांबल्या. पुढच्या रविवारी फोन आला, शाळेचं प्रदर्शन आहे. त्याच्या पुढच्या रविवारी नुसताच फोन. दोन मिनिटं, तीन प्रश्न. वाद जिंकलेले मिस्त्री रविवारी अकराला दाराची कडी काढून बसले आणि साडेबाराला ती पुन्हा लावून टाकली. खरं काय ते सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. पण सांगणार काय? तू ओरडावंस म्हणून मी तुला फसवलं? सत्तरीच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघत नाही.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, तिचा फोन आला. आवाज प्रसन्न होता.

"बाबा, एक गंमत सांगू? मीही माझी गोळी सोडली."

"कसली गोळी?"

"अहो, मलाही आहेच की दाब, दोन वर्षं झाली. तुम्हाला कशाला सांगायचं म्हणून बोलले नव्हते. त्या गोळीनं मला सारखा कोरडा खोकला यायचा, वर्गात बोलता यायचं नाही. आता अकरा दिवस झाले, आईचा काढा घेतेय. खोकला गेला बघा पार! थोडं डोकं दुखतं, पण ते पेपर तपासून."

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, "आजच्या आज गोळी घे."

"तुम्ही म्हणताय हे?" ती हसली. "चला, घंटा झाली."

आणि फोन बंद. परत लावला, तिनं उचलला नाही. वर्गात गेली असणार.

मिस्त्रींनी पेटी उघडली आणि पट्ट्या पिशवीत भरल्या. वापरलेला भाग काम संपेपर्यंत फेकायचा नाही ही जुनी सवय, म्हणून रिकाम्या पट्ट्याही सगळ्या होत्या. तीन जिने उतरले, दोन बस बदलल्या. वाटेभर त्यांना अकरा दिवस हा एकच आकडा दिसत होता. तिला काही झालं तर ते आपल्या हातून झालेलं असेल, हे त्यांना स्वच्छ कळत होतं, आणि बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती.

शाळेत ते आजवर कधी गेले नव्हते. शिक्षकांच्या खोलीत लेक एकटीच डबा उघडून बसली होती. वडिलांना दारात बघून ती उभीच राहिली.

"बाबा? काय झालं?"

मिस्त्रींनी पिशवी टेबलावर उपडी केली. सहा रिकाम्या पट्ट्या आणि एक अर्धी.

"हे काय?"

"माझ्या गोळ्या. एक दिवस चुकलेलो नाही. तुझ्या डबीतल्या नाही घेतल्या, या घेतल्या."

ती आधी हसली. मग पट्ट्या मोजल्या, मनातल्या मनात तारखा जुळवल्या, आणि हसू मावळलं. "म्हणजे माझी वही खोटी?"

"वही खरी आहे गं. आकडेही खरे आहेत. फक्त ते काढ्याचे नाहीत, गोळ्यांचे आहेत."

"का पण?"

"ते मग सांगतो. आधी मोज."

यंत्र तिच्या कपाटातच होतं, मुलांना दाखवायला आणलेलं. अकरा दिवसांत तिनं स्वतःचा दाब एकदाही मोजला नव्हता. खोकला थांबला होता, बरं वाटत होतं, मग कशाला मोजायचं? दुसऱ्यांकडे पुरावे मागणाऱ्या माणसांचं स्वतःच्या बाबतीत असंच होतं. मिस्त्रींनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. वरचा आकडा एकशे ब्याऐंशी, खालचा एकशे आठ. डबा तसाच झाकून ती त्यांना घेऊन शाळेजवळच्या आपल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजलं, ईसीजी काढून घेतला, गोळी लिहिली. सगळं मिळून दहा मिनिटं. "खोकला त्या गोळीचाच होता. काहींना होतो. सांगितलं असतंत तर तेव्हाच बदलून दिली असती," त्या मान वर न करता म्हणाल्या. "काढा प्या, सर्दीत मीही पिते. पण गोळीच्या जागी नाही. वेळेवर आलात."

बाहेर आल्यावर लेकीनं पाण्याबरोबर नवी गोळी घेतली. बसथांब्यावर दोघं बाकावर बसली. ऊन उतरायला लागलं होतं.

"आता सांगा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी सांगितलं. सर्दीचा आठवडा, दोन कप चहा, मुद्दाम ठेवलेल्या तीन गोळ्या, काढा. पिशवीच्या बंदाशी चाळा करत, खाली बघून सांगितलं.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, बाबा?" तिचे डोळे भरून आले होते आणि रागही तेवढाच होता. "नुसतं ये म्हणायचं होतं ना."

"म्हटलं असतं, तर आली असतीस?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. सासूबाईंचे गुडघे, मुलाची दहावी, पेपरांचे गठ्ठे, एकेक रविवार ती मनाशी धरून बघत होती, हे मिस्त्रींना शेजारी बसून दिसत होतं. समोरून एक बस गेली. ती त्यांची नव्हती.

"दर रविवारी नसते आले," ती शेवटी म्हणाली.

"हं," मिस्त्री म्हणाले. "म्हणूनच कधी म्हटलं नाही."