मला नुसतं बसू द्या

मी एक जुनी कोंबडी आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. तो आजचा नाही, जन्मभर साठलेला आहे. तेव्हा मध्ये न बोलता ऐकून घ्या.

माझा जन्म यंत्रात झाला. कवच फोडून बाहेर आले तेव्हा समोर आई नव्हती, पत्र्याची भिंत होती. पुढे शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला विकत आणलं आणि मी त्यांच्या परसात वाढले. अंडी देऊ लागले तेव्हा माझं केवढं कौतुक! "किती गुणाची आहे ही!" असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मला वाटलं, या घरात आपल्याला किंमत आहे.

मग मी खुडूक झाले. खुडूक म्हणजे अंडी द्यायची थांबून ती उबवायला बसलेली कोंबडी. अंगात ऊब दाटते, पोटाची पिसं गळतात, जागचं हलवत नाही. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणार कोण, आईच नव्हती! तरी मला सगळं येत होतं. आणि या माणसांना वाटलं, मला रोग झालाय. बाईंचे धाकटे दीर जगाचं सगळं ज्ञान मोबाईलमधून मिळवतात. त्यांनी मला उचललं आणि गार पाण्याच्या बादलीत बुडवलं. पुढच्या खेपेला तर माझंच पीस माझ्या नाकपुड्यांतून आरपार घातलं. का, तर माझं डोकं ठिकाणावर यावं म्हणून! तुमच्या घरात कुणाला बाळ व्हायचं असलं, तर तिला तुम्ही बादलीत बुडवता का?

नंतर मी शहाणी झाले. बाईंच्या शिलाई मशीनखाली चिंध्यांची टोपली होती. एका सकाळी तिच्यात जाऊन बसले ती बसलेच. बाईंनी हात घातला, मी टोचलं. त्या हसायला लागल्या. "बस बाई, बस. हट्टालाच पेटलीयस तर काढ एकदाची पिल्लं." जिच्याकडे कोंबडा आहे अशा शेजारणीकडून त्यांनी अंडी आणली आणि माझ्याखाली सारली.

उबवणं म्हणजे आराम नव्हे, मित्रांनो. चोचीने एकेक अंडं फिरवायचं, कडेचं मध्ये घ्यायचं, मधलं कडेला सारायचं. घाईघाईने चार दाणे टिपायचे, पाणी प्यायचं आणि धावत परत. मी वाळून निम्मी झाले. शेवटी अंड्यांच्या आतून चिवचिव ऐकू येऊ लागली आणि मी हळू आवाजात उत्तरं देऊ लागले. यंत्राला येतं का हो असं बोलता?

पहिल्या अंड्याला भोक पडलं. पिल्लू थोडं फोडतं, थांबतं, दम घेतं, मग पुन्हा फोडतं. ते थांबलं असतानाच दीर आत आले.

"वहिनी, अडकलंय हो बिचारं. मी मोकळं करतो."

बाई दाराशी एका गिऱ्हाइकाचं माप घेत होत्या. मी ओरडले, टोचलं, पंख आपटले. दिरांनी एका हाताने मला दाबून धरलं आणि नखाने कवच सोललं. आतल्या पातळ पापुद्र्यातलं रक्त अजून पिल्लाच्या अंगात गेलं नव्हतं. ते सगळं बाहेर वाहून गेलं.

बाई धावत आल्या. "भाऊजी, काय केलंत हे! येत होतं ना त्याचं ते!"

"मी मदतच करत होतो."

"मागितली होती का कुणी?"

पिल्लू दिरांच्या तळहातावर जरा वेळ हललं, मग हललं नाही. तरी दीर म्हणतात, "उरलेली तरी खोक्यात घालू, दिव्याखाली. ही टोचून मारेल त्यांना." ऐकलंत? मी मारेन! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाईंनी स्टूल ओढलं, टोपलीसमोर ठाण मांडलं आणि कुणालाही जवळ फिरकू दिलं नाही. गिऱ्हाईक अर्ध्या मापावर ताटकळत राहिलं. बाकीची पिल्लं सवडीने, आपापल्या बळावर बाहेर आली आणि ओलीचिंब माझ्या पोटाखाली शिरली. आता ती परसात माती उकरतात आणि घार दिसली की माझ्या एका हाकेसरशी पळत येतात.

मित्रांनो, खुडूक कोंबडी दिसली तर तिला आडोशाची जागा द्या, दाणापाणी द्या आणि आपले हात आपल्यापाशी ठेवा. दीर सगळ्यांना सांगतात, पहिलं पिल्लू अशक्तच होतं. ते अशक्त नव्हतं. ते दम घेत होतं.