सोळा धारांचा अर्धा शिंपला

मी एक जुना शिंपला आहे. खरं तर अर्धाच. म्हणून माझं बोलणंही मध्ये मध्ये तुटेल. सांभाळून घ्या, मित्रांनो.

समुद्रात होतो तेव्हा टाळी वाजवल्यासारखी उघडमीट करत मी पोहायचो. मग गाळ. मग इतका काळ, की माझा दगड झाला आणि समुद्राचा डोंगर.

तिथून मला काढलं एका तरुण संशोधकाने. पुढे सगळे त्यांना सर म्हणू लागले, मीही म्हणतो. त्यांनी ब्रशने माझे कान साफ केले. (बिजागरीच्या दोन्ही बाजूंना आम्हाला कान असतात. ऐकू येतं की नाही, ते शेवटी ठरवा.) पाठीवरच्या धारा मोजल्या. सोळा. त्याच थरातल्या दुसऱ्या, फुगीर अर्ध्याच्या सतरा. एका धारेने आमच्या जाती निराळ्या झाल्या! फुगीराचं नाव आधी ठेवून झालं होतं. मला सरांनी आपल्या बायकोचं नाव दिलं. भिंतीवरच्या वंशवृक्षात आम्ही दोन फांद्यांवर गेलो.

माझी चिठ्ठी, त्या नावाखाली:
सपाट, डावा. धारा १६. उजवा भाग मिळालेला नाही.

तो शोधत सरांनी डोंगर पालथे घातले. पाहुणे मला तळहातावर घेऊन वाहवा करायचे. मग पाहुणे येईनासे झाले. सरांची बायको गेली. माझा कप्पा कुणी उघडेना.

धूळ.

परवा कप्पा ओढला सरांच्या मुलीने. तीही हेच काम करते. तिने मला फुगीरावर ठेवलं. खट्! माझी प्रत्येक धार त्याच्या खाचेत बसली. काठावरचा टवकाही जुळला.

तिचा चेहरा उतरला. दोन जाती एकच निघाल्या की आधीचं नाव राहतं, नंतरचं जातं. म्हणजे आईचं.

"बाबा, चहा घेता?"

"चहाचं सोड. बशी फोडलीस की असंच तोंड करायचीस. काय झालं?"

तिने आम्हाला त्यांच्या हातात दिलं. "सतरा धारांमध्ये खाचा किती?"

सर मोजू लागले. थांबले. "सोळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुझी आई म्हणायचीच, तुम्हाला समोरचं दिसत नाही."

"राहू द्या ना तसंच. कोण बघतंय?"

"खोटं तिला खपलं नसतं गं. पेन दे."

माझी फांदी त्यांनी स्वतः खोडली.

मित्रांनो, चूक सापडली की जरूर खोडा, पण चिठ्ठी फाडू नका. माझ्या चिठ्ठीवर सरांनी एकच बारीक रेघ ओढली आहे. रेघेखालचं नाव वाचता येतं.