तळच्या कप्प्यातला लाल खंड

“कादंबरी मिळेल, बाई. पण कादंबरीवर कोणी लिहिलेलं इथं सापडायचं नाई. विषय बदला.” ग्रंथपाल वासुदेवरावांचा हा इशारा नलूने कानाआड केला. मित्रांनो, तिने तो ऐकला असता तर मी केव्हाच रद्दीत गेलो असतो. मी वर्ध्याच्या एका कॉलेजातला जुना खंड आहे. १९६१ सालच्या एका मासिकाचे अंक एकत्र शिवून केलेला.

मला श्रावण बाइंडरने बांधले. खळ लावली, लाल कापडाची पाठ चढवली. पण सुबक दिसावे म्हणून त्याने प्रत्येक अंकाचे मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका कापून टाकली! सुरुवातीला प्राध्यापक मला हौसेने चाळत. पुढे माझ्या पोटात काय आहे, हेच कोणाला कळेना. मी तळच्या कप्प्यात गेलो. वाळवी शेजारच्या खंडापर्यंत आली होती.

१९७८ साली नलू आली. एम.ए.साठी ती कापसाच्या मुलखातल्या एका कादंबरीवर लघुप्रबंध लिहीत होती. सोमवारी मार्गदर्शक सरांना संदर्भ दाखवले नाहीत, तर आवडता विषय हातचा जाणार होता. आंजीहून एसटीने सासू रुख्माबाईही आल्या होत्या. त्या व्हरांड्यात तान्ह्या नातवाला मांडीवर निजवून बसल्या. नलूचे डोळे ग्रंथसूचीच्या कार्डांच्या खणात आणि कान व्हरांड्यात. कादंबरीचे कार्ड होते. कादंबरीविषयी एकही नव्हते.

मग तिने कादंबरी उघडून प्रकाशनाचे साल पाहिले: १९६१.

“नवी होती तेव्हा कोणीतरी काही बोललंच असेल. त्या सालची मासिकं कुठं आहेत?”

“तळाशी. पण अनुक्रमणिकाच नाई त्याले. पान पान चाळसान का?” वासुदेवराव म्हणाले.

“चाळते.”

तिने पदराने माझी धूळ पुसली आणि जमिनीवरच बसकण मारली. किती वर्षांनी माझी पाने उलटत होती! आधी सापडले कादंबरीचे परीक्षण. मग लेखकाचे उत्तर. आणि शेवटी हिंगणघाटच्या एका शेतकऱ्याचे रागीट पत्र: लेखकाने कापसाची गाडी भरताना कधी पाहिली तरी आहे काय?

“सापडलं!” नलू ओरडली. व्हरांड्यात बाळाने भोकाड पसरले.

“काऊन वं ओरडून राह्यली? उठवलं नं लेकरू!”

“आई, सापडलं!”

“मंग रडू दे त्याले जरासं. मी हाओ इथं. तू लिहून घे!”

सोमवारी विषय कायम राहिला. लघुप्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. निकालानंतर नलू पुन्हा आली ती पेढे आणि खळ घेऊन. स्वतःच्या हाताने लिहिलेली अनुक्रमणिका तिने माझ्या पहिल्या पानाआधी चिकटवली. वासुदेवरावांनी मला वरच्या कप्प्यात, खिडकीजवळ मानाने बसवले. आता विद्यार्थी मला नावानिशी मागतात!

मित्रांनो, जुने खंड जपाच. पण त्याआधी एक करा. तुमच्या गल्लीत तान्हे बाळ असलेली, अर्धवट राहिलेले पुस्तक उशाशी ठेवणारी कोणी असेल. आजच तिच्या घरी जा. बाळाला जरा घ्या आणि विचारा, “कुठवर आलं वाचन?”